झोपलो होतो, म्हटलं

नाय बाय, सूर्यमाळला काय मी येत नाय. बस तू, त्या पाइपाच्या बंडलावर बस, उन्हाची चालत आलीस, पाणी पी — पण ते भाषणाचं सोड. मला कुठं भाषण येतं? आता तू म्हणशील, काका, शाळेत बोललात, ग्रामसभेत बोललात, तेव्हा बरं आलं. आलं. ते वेगळं होतं. तेव्हा लोकांना गंमत होती — नवसू सुदानातून लढाईतून जिवंत आला, सरकारनं जहाजात घालून आणला, तिकडं काय काय बघितलंस सांग — मंग मी सांगितलं. आता तुमच्या बाया सोमवारी तहसीलसमोर पाण्यासाठी बसणार, पाणी येईस्तोवर उठायचं नाय म्हणून बसणार, आणि आदल्या दिवशी मी पाड्यावर येऊन त्यांना धीर द्यायचा? मी? दुसरं कोणी बघ. मास्तर आहेत, तुमच्या संघटनेचे लोक आहेत. घाबरतात म्हणतेस — घाबरणारच ना. पोलिसांची गाडी नुसती पाड्यावरून गेली तरी आपल्याकडं चुली विझवतात. भीती वाटणं काय वाईट नाय. भीतीनं माणूस काय करतो ते वाईट.

काय म्हणालीस? नाय, ऐकू आलं, ती मोटरसायकल गेली म्हणून — परत बोल. बारावीला होतीस तू? पंधरा ऑगस्टला, त्या शाळेतल्या कार्यक्रमात — हो, पाऊस होता, व्हरांड्यात बसवलं होतं सगळ्यांना. मी फाटकाचं सांगितलं, आणि त्याच्यामुळं तू संघटनेत — असं नको बोलू, योगिता. नाय, खरंच नको बोलू असं. तुझा बाप धोंडी माझ्याबरोबर सिल्वासाला होता, एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, तो मला ओळखतो, त्याला विचार नवसू कसा आहे. तू तुझ्या अकलेनं गेलीस संघटनेत. तुझ्या आईनं डोक्यावरून पाणी वाहिलं म्हणून गेलीस. माझं नाव त्यात कशाला?

हे बघ, मी काय करतो — मी तुला सांगतो तिकडचं, जे चांगलं आहे ते, खरं आहे ते, आणि तू सांग बायांना. तू बोलतेस पण चांगली. माझं नाव नको घेऊ. सुदानातल्या लोकांचं घे. ते मोठे लोक होते.

मी गेलो कसा ते तुला माहीत आहे. सिल्वासाला अकरा वर्षं पाइपाच्या मशीनवर होतो, ऑपरेटर. सेठनं तिकडं खार्टुमला कारखाना टाकला, म्हणाला, नवसू, मशीन तुझ्या हातची आहे, चल. सकू रडली, मी म्हटलं, मुंबईला नाय जात का लोक, तसंच, जरा लांब. जव्हारचा कमलेश माझ्या हाताखाली हेल्पर होता, तोही आला, वीस-एकवीसचा असेल तेव्हा. कारखाना नदीच्या पल्याड, आणि माल ठेवायला अल्याड एका गल्लीत गोदाम, त्याच्याच मागं आमची खोली. ऊन असं की लोखंडाला हात लावायची सोय नाय. भाषा येईना. गल्लीच्या तोंडाशी एक निंबाचं झाड — हो, आपलाच निंब, तिकडं जागोजाग आहे — आणि त्याच्याखाली एक बाई चहा विकायची. हव्वा तिचं नाव. छोटं स्टूल, कोळशाची शेगडी, काचेचे डबे ओळीनं, त्यात लवंग, सुंठ, पुदिना. माझ्यापेक्षा थोडी लहान असेल वयानं, अंगानं धिप्पाड, काळी — आपल्यापेक्षा काळी — आणि हसली की सगळी गल्ली बघायची. शहरातले लोक तिला जरा तोडूनच बोलायचे, ते मला लगेच कळलं. आपल्याला ते कळतंच ना, बोलायला लागत नाय. ती डोंगरातली होती, लांब दक्षिणेकडं त्यांचा डोंगर, तिथं सरकारची विमानं बाँब टाकायची म्हणून पळून शहरात आलेली, नवरा तिकडंच गेला, एक पोरगी घेऊन आलेली. मी तिला मोडकंतोडकं सांगितलं की मी पण डोंगरातला, आमच्याकडं नागली होते. ती म्हणाली आमच्याकडं ज्वारी. दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचं केलेलं आणलं, आपल्या घावनासारखं पातळ. मी खाल्लं आणि कमलेशला म्हटलं, अरे, घर आलं.

मला हिंदी म्हणायची. तिकडं भारतातल्या माणसाला हिंदीच म्हणतात. माझं नाव तिला बोलता येईना, मंग हिंदीच. मला मलेरिया झाला, आठ दिवस उठलो नाय, सेठनं गोळ्या पाठवल्या एवढंच — ती रोज दुपारी यायची, तिकडचं कसलं झाडाचं फळ, पांढरं, चिंचेसारखं आंबट, ते पाण्यात कालवून पाजायची. तिची पोरगी दारात उभी राहायची पुस्तक घेऊन. शाळेत जायची ती. हव्वा सांगायची, ही वकील होणार. मी म्हणायचो, होईल. — थांब हां, गिऱ्हाईक आलं. काय पाहिजे? दीड इंची नाय, संपला, बाजार झाल्यावर ये — बुधवारी ये. हां.

तर मंग तो लोकांचा उठाव. तीस वर्षं एकच माणूस गादीवर. तीस वर्षं, बाय, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून तो तिथं. एके दिवशी पाव तिप्पट महाग झाला आणि एका गावात पोरं रस्त्यावर आली, मंग दुसऱ्या गावात, मंग सगळीकडं. गोळ्या घातल्या तरी परत यायचे. त्यांची घोषणा होती, तस्गुत बस. म्हंजे, पडू दे, बस. त्यांचं पण बस आणि आपलं पण बस, एकच अर्थ. अजून काय मागणी विचारली तर म्हणायचे, बस. मंग एप्रिलमध्ये लाखो लोक लष्कराच्या मोठ्या कचेरीसमोर जाऊन बसले, आमच्या गोदामापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. पाच दिवसांत तो पडला. पण खुर्चीवर लष्करच बसलं, तर लोक म्हणाले, माणूस गेला, आता खुर्ची आमची आम्हाला द्या, तोवर उठत नाय. आणि नाय उठले. दोन महिने. हे तू बायांना सांग. दोन महिने, त्या उन्हात. सावलीला चादरी बांधलेल्या, डॉक्टरांचा तंबू वेगळा, पोरांना शिकवायचा वेगळा, आणि वर रेल्वेचा पूल — त्याच्यावर पोरं बसून दगडानं लोखंड वाजवायची, ठणाठण, आमच्या खोलीत ऐकू यायचं. ते थांबलं तर मला करमायचं नाय.

हव्वानं आपली शेगडी उचलली आणि तिकडंच नेली. तिच्यासारख्या पुष्कळ चहावाल्या गेल्या. म्हणाली, हिंदी, चल बघायला. मी म्हटलं, मी परदेशी माणूस, मला काय त्याच्यात. ती म्हणाली, मी तरी कुठं त्यांची आहे, मला पण ते आपलं म्हणत नव्हते, तिथं येऊन बघ म्हणजे कळेल. गेलो. आत जायच्या रस्त्यावर पोरं-पोरी उभी, येणाऱ्याची झडती घ्यायची, कोणी हत्यार आणू नये म्हणून. एका पोरानं माझे हात वर करायला लावले, खिसे चाचपले, आणि म्हणाला, माफ करा काका, त्रास दिला. बाय, अकरा वर्षं सिल्वासाला गेटवर सुटताना रोज माझी झडती झाली. पाइपाचा तुकडा चोरून नेतो का म्हणून. एकदा पण कोणी माफ करा म्हटलं नाय. मी त्या रस्त्यात उभा राहून रडलो, कमलेश हसायला लागला. रोजे चालू झाले तेव्हा संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसायचे, रस्त्यावर लांबच लांब चटया, आम्हाला ओढून बसवायचे — या हिंदी, बसा. हव्वाची पोरगी तिकडं लहान पोरांना अक्षरं शिकवायची. आणि हव्वा — जिला गल्लीत लोक चहाचे पैसे हातात न देता खाली ठेवायचे — तिला मोठमोठ्या घरच्या बाया तिकडच्या भाषेत खालती म्हणायच्या, म्हंजे मावशी. मी बघितलं ते. हे सगळं खरं आहे, हे सांग तू. माणसं अशी एकत्र बसली की बदलतात, मी डोळ्यांनी बघितलं.

पुढं काय — पुढं मोडलं त्यांनी. लष्करानं. ते काय तू सांगू नको, बाया घाबरतील. तू इथपर्यंतच सांग.

कमलेशला पण? कुठल्या कमलेशला — जव्हारच्या? जीपवाल्या? त्याला कशाला बोलावलंस? नाय, मी चिडलो नाय, मी विचारतो. दोघांनी मिळून फाटक उघडलं म्हणून दोघं स्टेजवर. हां. बरोबर आहे तुझं, तुला तसंच वाटणार. मंग काय म्हणाला तो? नवसूदादा येणार असेल तर मी येत नाय. आणि का म्हणून विचारलंस तर म्हणाला, त्यालाच विचार.

म्हणून आलीस होय तू.

पाणी दे जरा ते इकडं.

नाय, उठू नको. आता बस. आता ऐकूनच जा.

रोज्यांचे शेवटचे दिवस होते. आदल्या दिवशी सेठचा फोन आला, काहीतरी होणार असं ऐकतोय, गोदामाचं फाटक आतून लावा, कोण पण येवो उघडायचं नाय, मशीनचा माल आहे, आणि तुमचे पासपोर्ट माझ्याकडं आहेत, भानगडीत पडलात तर मी ओळखत नाय. मी बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होतो, सेठ म्हणाला होता. पण सेठ कुठं होता? सेठ आपल्या घरी. चावी माझ्या कमरेला होती.

उजाडता उजाडता गोळ्या सुरू झाल्या. आधी मला वाटलं पुलावरची पोरंच वाजवतात. मंग लक्षात आलं, पुलावरचं थांबलंय आणि हे दुसरंच आहे. पाऊस पडून गेलेला, गल्लीत चिखल. आम्ही दोघं खोलीतून बाहेर आलो, फाटकाजवळ येऊन उभे राहिलो. माणसं पळत येत होती, पावलं ऐकू यायची, ओरडणं, मागून गाड्या. पत्र्याचं फाटक, खाली वीतभर फट. त्या फटीतून मी बघत होतो — पाय, पाय, पाय, कुणाच्या पायात चप्पल नाय. लोक पुढं निघून जात होते. आमच्या फाटकाशी कोणी थांबत नव्हतं, त्यांना काय माहीत आत कोण. मला बरं वाटत होतं त्याचं.

आणि मंग वाजलं. दोन्ही हातांनी, धाडधाड. हिंदी, हिंदी — इफ्ताह. म्हंजे उघड. एवढंच. हव्वाचा आवाज, मी शंभर आवाजांत ओळखला असता. खाली बघितलं तर दोन माणसांचे पाय. एक तिचे मोठे, चिखलानं भरलेले, आणि बाजूला दोन बारीक पाय, एका टाचेतून रक्त येत होतं. कमलेश म्हणाला, दादा, हव्वा आहे, उघड. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. असा. त्याला भिंतीशी दाबला आणि दुसऱ्या हातानं कमरेची चावी मुठीत धरली, वाजू नये म्हणून. माझे पाय फटीसमोर होते, ते मी बाजूला घेतले. तिनं खाली बघितलं असतं तर ते दिसले असते, तिला कळलं असतं मी एक हात लांब उभा आहे.

लोक म्हणतात ना, अशा वेळी बायको-पोरं डोळ्यांसमोर येतात. मला सकू आठवली नाय. पोरं आठवली नाय. आठवली असती तर निदान तेवढं तरी सांगायला राहिलं असतं. मला काय वाटलं सांगू? मला तिचा राग आला. ही बाई हिंदी हिंदी करून ओरडते, आता त्या लष्करवाल्यांना कळणार की आत माणूस आहे. मी मनात म्हणत होतो, गप ना, जा ना इथून. ज्या बाईनं मला आठ दिवस पाणी पाजलं तिला मी मनात म्हणत होतो, जा. किती वेळ वाजवलं — मोजलं नाय. एवढा वेळ की उघडून, आत घेऊन, परत लावता आलं असतं. दोनदा आलं असतं. मंग गाडी गल्लीत शिरल्याचा आवाज आला आणि ते पाय गेले. एक डावीकडं, एक उजवीकडं. हे मी बघितलं. मोठे पाय डावीकडं गेले आणि बारीक पाय उजवीकडं, गाडी येत होती त्या बाजूला. पोरगी गोंधळली असेल. मंग गाडी फाटकासमोरून गेली.

कमलेशच्या तोंडावरचा हात काढला तर त्याचे दात माझ्या तळव्यात उमटले होते. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायचा, मशीन बंद, मशीन चालू, एवढंच. करोनानंतर विमानं सुरू झाली तसा घरी निघून आला.

शंभरावर माणसं मारली असं तिकडचे डॉक्टर सांगायचे, सरकार कमी सांगायचं. कोणी म्हणायचं नदीत टाकली. इंटरनेट बंद करून टाकलं, महिनाभर. सकूचा साधा फोन आला, तिकडं दंगल झाली म्हणे, तुम्ही ठीक ना? मी म्हटलं, मी ठीक.

ईद झाली, आठ-दहा दिवस गेले. मी दुपारी फाटकाबाहेर माल उतरवून घेत होतो आणि समोरून हव्वा आली. हात गळ्यात बांधलेला, चेहरा — जाऊ दे. मला वाटलं आता ही थुंकणार माझ्यावर. थुंकली असती तर बरं झालं असतं, बाय. तिनं पिशवीतून फोटो काढला आणि मला दाखवला. पोरीचा. म्हणाली, हिला कुठं बघितलंस का, हिंदी? मी फोटो हातात घेतला. ती सांगायला लागली — आम्ही तंबूतून पळालो, मी म्हटलं हिंदीकडं जाऊ, हिंदी आहे तिथं. तिचा हात मी सबंध रस्ताभर धरून ठेवला होता, इथवर. इथं आल्यावर फाटक वाजवायला दोन्ही हात लागले. म्हणून सोडला.

म्हणून सोडला, म्हणाली.

आणि मंग माझ्याकडं बघून म्हणाली — मला बोलायला पण लागलं नाय, तिनंच म्हटलं — तुम्ही झोपला असाल, हिंदी. पहाटेची वेळ, दिवसभर कष्ट करता. आणि मी म्हटलं, हो. झोपलो होतो. तिच्या पोरीचा फोटो हातात धरून. मागं कमलेश गोणी घेऊन उभा होता, त्यानं ऐकलं. ती मान हलवत राहिली, हो, हो, झोप लागते. फोटो परत घेतला, पदरानं पुसला आणि पुढच्या दारात गेली. तिला खरंच तसं वाटलं का मला वाचवलं तिनं, ते मला अजून कळलं नाय. आधी वाटायचं, तिला ठाऊक नव्हतं. आता वाटतं, होतं.

नाय सापडली. मी होतो तोवर तरी नाय. हव्वा दवाखान्यात शोधायची, जेलच्या दारात बसायची. निंबाखाली परत बसलीच नाय. मंग त्या लोकांनी लढून थोडं राज्य मिळवलं, ते परत लष्करानं काढून घेतलं, ते परत रस्त्यावर आले, परत मेले, आणि शेवटी लष्कर आपसातच लढायला लागलं आणि आम्हाला बसमध्ये घालून बंदरावर नेलं. ती कुठं असेल, असेल का, देवाला माहीत.

हे सगळं घेऊन मी गावात उतरलो. हार घातला मला. आणि कोणीतरी विचारलं, तिकडं गोळीबार झाला तेव्हा तू काय केलंस रे नवसू? सगळे बघत होते. मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, शपथ. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, आम्ही फाटक उघडलं, सात माणसं आत घेतली. सात कुठून आले ते पण माहीत नाय. बोललो आणि बरं वाटलं. असं वाटलं की कुठंतरी तसं झालंच असेल. टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात मला मागं कमलेश दिसला, जव्हारहून मुद्दाम आला होता मला भेटायला, तीन वर्षांनी, मनात काय घेऊन आला असेल. तिथं मी थांबायचं ना? मी काय केलं — मी म्हटलं, मी आणि कमलेशनं मिळून, तो बघा मागं उभा आहे. लोक वळले, त्याच्यासाठी पण टाळ्या. तो तसाच निघून गेला. आता त्याची जीप या रस्त्यानं रोज जाते, मी हात केला तरी थांबत नाय. थांबू नये. मंग शाळेनं बोलावलं, मंग ग्रामसभेनं. प्रत्येक वेळी थोडं वाढलं. शाळेत सांगितलं तेव्हा — तू ऐकलंस ना — एका बाईची पोरगी आत घेतली, तिच्या टाचेला रक्त होतं, मी फडकं बांधलं. ते तुलाच आवडलं होतं जास्त, आत्ता म्हणालीस. फडकं बांधलं.

रडू नको. तू कशाला रडतेस, तुझं काय चुकलं? तू सोमवारी जा, बस, बाया येतील तुझ्याबरोबर, न येऊन काय करतात, हांडे कुठं भरले आहेत. माझ्यासारखा कोणी दाराआड उभा असेल तर त्याची वाट बघू नका एवढंच. नाय — हे काय तिथं येऊन सांगायचं? हेच सांगू म्हणतेस? जसं झालं तसं? बायांसमोर, तुझ्या आईसमोर, सकू बसलेली असेल तिच्यासमोर? तिला पण माहीत नाय. नाय योगिता. ते माझ्यानं होणार नाय. तुला सांगितलं ते पण मी सांगणार नव्हतो.

काय?

पोरीचं नाव.

हव्वानं सांगितलं होतं. फोटो देताना सांगितलं, त्याच्या आधी पण दोन वर्षं हाक मारायची ना ती गल्लीतून, शाळेतून आली की. रोज ऐकलं असेल मी. आत्ता तू विचारलंस म्हणून शोधतोय — आईचं आठवतं, शेगडीवरच्या डब्यांत काय काय होतं ते आठवतं. नाव नाय येत. येतच नाय. मला — बाय, तू जा आता. ऊठ. ते पाइप आत घेऊ दे, मला दुकानाचं दार लावायचंय. भर दुपार असली तरी लावायचंय. जा म्हटलं ना.